सिस्को नेटवर्किंग अकॅडमी: लॅबमधून लिहिलेला अनुभव

मी तालुक्याच्या गावी डिप्लोमाच्या मुलांना नेटवर्किंग शिकवते. आमच्या लॅबमध्ये दोन स्विच (एका नेटवर्कमधली मशीन जोडणारे), एक राउटर (वेगवेगळी नेटवर्क जोडणारा) आणि बॅचमध्ये वीस पोरं. एकाने कमांड द्यायची आणि बाकीच्यांनी मागून माना उंच करून बघायचं, असं वर्षानुवर्षं चालायचं. नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्को कंपनीच्या नेटवर्किंग अकॅडमीने ते बदललं.

१९९७ पासून चालत आलेला हा कार्यक्रम. सीसीएनएचा, म्हणजे सिस्कोच्या नेटवर्किंग प्रमाणपत्राचा, अभ्यास तीन कोर्समध्ये विभागलाय, पण खरं सोनं आहे ते पॅकेट ट्रेसर, म्हणजे कॉम्प्युटरवर खोटं नेटवर्क उभारून चालवायचं सॉफ्टवेअर. खातं उघडलं की फुकट मिळतं, आणि प्रत्येक पोराच्या हातात स्वतःचे हवे तेवढे राउटर येतात.

मागच्या वर्षी एका मुलीने विचारलं, "मॅडम, पहिला पिंग दरवेळी वाया का जातो?" पिंग म्हणजे दुसरं मशीन उत्तर देतं का, ते बघायला पाठवलेला छोटा संदेश. स्क्रीनवर आधी एक टिंब आणि मग चार उद्गारचिन्हं. एआरपी, म्हणजे आयपी पत्त्यावरून त्या मशीनचा हार्डवेअर पत्ता शोधायची पद्धत, मी फळ्यावर दोनदा शिकवलं होतं, तरी ते डोक्यात उतरलं नव्हतं. तिला पॅकेट ट्रेसरचा सिम्युलेशन मोड लावायला सांगितलं. एकेक पाऊल पुढे नेलं तसं दिसलं, की पिंग निघायच्या आधी वेगळ्या रंगाचं पाकीट सगळ्यांकडे जातं, "हा आयपी कुणाचा?" म्हणून विचारतं आणि एकच मशीन उत्तर देतं. तोवर राउटरने पहिला पिंग टाकून दिलेला असतो. तिने ते तीनदा चालवून पाहिलं आणि शेजारच्याला स्वतःच समजावायला बसली. मला फार बरं वाटलं.

केबल मात्र पॅकेट ट्रेसरमध्ये शिकता येत नाही. क्रिम्पिंग, म्हणजे केबलच्या तारांना टोकाचा प्लग दाबून बसवणं, हातानेच करायला हवं. हिरव्या तारांच्या जोडीच्या मधोमध निळी जोडी येते, तिथेच पोरं चुकतात आणि टेस्टर ते लगेच दाखवतो. त्यासाठी मी शनिवार राखून ठेवते. मजकूर इंग्रजीत वाचावा लागतो, म्हणून सबनेटिंग, म्हणजे मोठ्या नेटवर्कचे छोटे तुकडे पाडणं, मी मराठीतच घेते: स्लॅश सव्वीस (/26) आकाराचा तुकडा म्हणजे ६४ पत्ते, वापरायला ६२, पहिला नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणजे सगळ्यांना एकदम निरोप द्यायचा.

पालकांसाठी एक गोष्ट. कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र वेगळं आणि सीसीएनए वेगळं. सीसीएनएची २००-३०१ ही परीक्षा १२० मिनिटांची, फी ३०० डॉलर आणि वर कर, आणि प्रमाणपत्र तीन वर्षंच चालतं. शेतकऱ्याच्या घराला ही रक्कम जड आहे. अकॅडमीत चांगले गुण मिळाले तर सवलतीचं व्हाउचर मिळू शकतं, ते आधी विचारून घ्या. आणि प्रश्नोत्तरांची पीडीएफ पाठ करून घेणाऱ्या क्लासपासून पोरांना लांब ठेवा. अशाच एका क्लासमधून आलेल्या माझ्या विद्यार्थ्याला मुलाखतीत डिफॉल्ट गेटवे (नेटवर्कच्या बाहेर जायचा राउटरचा पत्ता) म्हणजे काय, ते सांगता आलं नाही. मुलगा हुशार होता, म्हणून जास्त वाईट वाटलं.

फी भरायच्या आधी मी पोरांना पॅकेट ट्रेसरमध्ये कोरं पान उघडायला लावते: तीन राउटर, ओएसपीएफ (राउटरनी आपापसात वाटा शोधायची पद्धत), वही बंद. या टोकाचा पिंग त्या टोकाला पोचला की मगच फॉर्म भरायचा.