जुन्या १२ फुटी ग्रेडरची दुरुस्ती आणि नऊ महिन्यांचा वापर

मशीन: कॅटरपिलर नंबर १२, ८टी मालिका; ब्लेडने रस्ता सपाट करणारा ग्रेडर. ब्लेड १२ फूट. इंजिन डी३१८, सहा सिलिंडर, बोअर साडेचार इंच, स्ट्रोक साडेपाच इंच. ब्लेड हलवायला हायड्रॉलिक नाही. ब्लेड उचलणं, फिरवणं, चाकं झुकवणं हे सगळं गिअर आणि शाफ्टवर. वापर वाळवा तालुक्यातल्या पाणंद रस्त्यांवर, नव्या तासमापकावर १६० तास. काम छंद म्हणून, पण अपेक्षा पक्की: मशीनने रस्ता खरोखर सपाट करायला हवा.

जुना ग्रेडर घेणारे इंजिनावर सगळा जीव ओततात. इंजिन धडधडायला लागलं की पेढे वाटतात, आणि पहिल्याच फेरीत रस्त्यावर लाटा उमटतात. ग्रेडरचं खरं दुखणं ब्लेडपर्यंतच्या सांध्यांच्या साखळीतल्या प्लेमध्ये, म्हणजे ढिलाईत, असतं. वेळ आणि पैसा आधी तिकडे घालावा.

याचं कारण मशीनच्या रचनेत आहे. ब्लेड पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये टांगलेलं. पुढचं एक चाक १० सेंमीच्या उंचवट्यावर चढलं, तर ॲक्सल मध्यावर डुलत असल्याने फ्रेमचं तोंड ५ सेंमी उचलतं, आणि ब्लेड त्याच्याही निम्म्याच्या आसपास. मागे टँडेमचंही, म्हणजे एकामागे एक असलेल्या जोडचाकांच्या डुलत्या पेटीचंही, तसंच. रस्त्याची खोट मशीन अशी गाळत नेतं. पण ड्रॉबारच्या (ब्लेड ओढणाऱ्या दांड्याच्या) गोळ्यात, सर्कलच्या (ब्लेड फिरवणाऱ्या गोल कड्याच्या) बुटांत, म्हणजे त्याला धरणाऱ्या आधारांत, आणि ब्लेड उचलणाऱ्या लिफ्टच्या दांड्यांत ढिलाई असेल, तर गाळून मिळालेली सरळ रेघ ब्लेडचं टोक परत हलवून मोडतं.

प्ले मोजायची पद्धत सोपी आहे. ब्लेड जमिनीपासून चार बोटं वर ठेवायचं, टोकाशेजारी फूटपट्टी उभी रोवायची, ब्लेडखाली पहार घालून टोक वर दाबायचं आणि सोडायचं. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे सगळ्या सांध्यांचा मिळून प्ले. इथे सुरुवातीला ३८ मिमी भरला. मग एकेक सांधा धरून बघायचा: एकाने पहार मारायची, दुसऱ्याने सांध्यावर बोट ठेवायचं. दोन तुकडे एकमेकांवर सरकतात ते डोळ्यांना दिसायच्या आधी बोटाला कळतं. सर्वांत जास्त ढिलाई ड्रॉबारच्या पुढच्या गोळ्यात सापडली. तिथे टोपीखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, असतात. त्या एकेक काढायच्या, बोल्ट पूर्ण कसायचे आणि ड्रॉबार हाताने हलवून बघायचा. जड पण न अडकता हलला म्हणजे बरोबर. फार घट्ट केला तर गोळा ग्रीस ओकून टाकतो आणि वाटी खरवडते. सर्कलच्या बुटांना दीड मिमी मोकळीक ठेवली. फीलर गेज (फट मोजायच्या पात्या) सर्कल फिरवून चार ठिकाणी लावावा, कारण जुनं सर्कल गोल राहिलेलं नसतं. जिथे सर्वांत घट्ट लागेल तिथे दीड धरायचं. लिफ्टच्या दांड्यांच्या वाट्यांना शिम उरल्या नव्हत्या, त्या लेथवर खोलवून नवे बूश बसवले. शेवटी टोकाचा प्ले ९ मिमीवर आला. याच्या खाली जायचा हट्ट नको.

इंजिनाचा जोर लीव्हरने ब्लेडच्या शाफ्टांकडे वळवणाऱ्या पॉवर कंट्रोलच्या पेटीत दात असलेले क्लच असतात. दातांचे कोपरे झिजून गोल झाले की लीव्हर भाराखाली आपोआप सुटतो, ब्लेड अर्ध्यावर थांबतं. दात वेल्डने भरून घासता येतात, पण सगळे दात एकाच वेळी टेकले पाहिजेत. एकच दात उंच राहिला तर सगळा भार त्याच्यावर येऊन तो तुटतो. निळा रंग लावून डाग बघत घासावं. पेटीपासून पुढे जाणाऱ्या शाफ्टचे जॉइंट लहान दिसतात म्हणून सोडून देऊ नयेत. लिफ्टच्या गिअरबॉक्समध्ये ब्राँझचं वर्म-चाक निघालं तर जीएल-५ प्रकारचं गिअर तेल घालू नये, त्यातलं गंधक ब्राँझ खातं. जीएल-४ वापरावं.

आता इंजिन. वर्षानुवर्षं उभं असेल तर स्टार्टर किंवा ओढून नेणं दोन्ही नकोच. इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये ॲटोमॅटिक गिअरचं तेल आणि रॉकेल निम्मे-निम्मे, १०० मिली ओतावं आणि आठ-दहा दिवस सोडून द्यावं. त्याआधी व्हॉल्व्हचं झाकण उघडून प्रत्येक व्हॉल्व्हवर लाकडी हातोड्याने हलका ठोका द्यायचा. दाबून लगेच वर आला तर ठीक. खालीच राहिला तर जाम आहे. तसाच इंजिन फिरवला तर पुशरॉड वाकतो, आणि तो मिळवणं ही वेगळी यात्रा आहे. मग फ्लायव्हीलला पहार लावून थोडं पुढे, थोडं मागे. एकाच दिशेला जोर लावला तर गंजाचा कण रिंगेखाली जाऊन लायनर ओरखडतो.

सर्वांत धोक्याची जागा फ्युएल रॅक, म्हणजे इंधनाची मात्रा ठरवणारी सरकती पट्टी. चिकटलेला रॅक पूर्ण इंधनाच्या जागी अडकलेला असेल, तर इंजिन सुरू झाल्यावर वेग आवरणाऱ्या गव्हर्नरला न जुमानता वेग वाढवत जातं. पहिल्यांदा सुरू करण्याआधी रॅक बोटाने दोन्ही टोकांपर्यंत सरकला पाहिजे, हातोड्याने नव्हे. एअर क्लीनर काढून ठेवावा आणि हवेच्या तोंडावर दाबायला सपाट जाड फळी घेऊन एक माणूस उभा करावा. कापड चालत नाही, इंजिन ते आत ओढून घेतं.

सुरुवात दोन सिलिंडरच्या छोट्या पेट्रोल इंजिनाने होते, त्याला पोनी म्हणतात. पुष्कळ लोक ती काढून इलेक्ट्रिक स्टार्टर बसवतात. आमचं मत विरुद्ध आहे. पोनीचं आणि मोठ्या इंजिनाचं पाणी एकच, त्यामुळे पोनी पाच-सात मिनिटं चालली की मोठं इंजिन कोमट होतं, आणि तिच्या जोरावर ते तेलाचं प्रेशर येईपर्यंत इंधनाविना फिरवता येतं. जुन्या बेअरिंगला याहून चांगली वागणूक नाही. तिचा त्रास दोनच: मॅग्नेटोचा कंडेन्सर आणि गळणारा कार्ब्युरेटर. काम झालं की पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत पोनी चालू द्यावी, नाहीतर रात्रभर पेट्रोल झिरपून तिच्या तेलात उतरतं.

थंडाव्याला बोअरचं पाणी घालू नये. मिरज, तासगाव, वाळवा या पट्ट्यातलं बोअरचं पाणी क्षाराचं. ब्लॉकमध्ये थर धरतं. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट.

टँडेमचा ड्रेन प्लग एकदम उघडू नका. आधी दोन आटे सैल करा. तेलाच्या आधी पाणी आलं तर ब्रीदर (पेटीचं हवा घेण्याचं तोंड) फुटलेला आहे आणि चेनचे रोलर गंजलेले असणार. झीज मोजायला चेन ताणून १२ कड्या मोजाव्यात: पिच २ इंच असेल तर २४ इंच भरायला हव्यात, पाऊण इंच जास्त भरल्या तर चेन संपली. साखर कारखान्यांमुळे जाड चेनचे व्यापारी सांगली-कराडकडे सापडतात. मात्र टर्नरकडचं (लेथवाल्याकडचं) काम गाळप चालू असताना द्यावं. हंगाम संपला की कारखान्यांची दुरुस्ती निघते आणि छंदाचं काम कोपऱ्यात पडतं.

गंज काढायला काकवीचं पाणी, ॲसिड असं सगळं सांगितलं जातं. सोडा आणि वीज पुरेशी. २०० लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रम, त्यात १ किलो धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. वजा टोक भागाला, अधिक टोक भंगार लोखंडाला. दोघे एकमेकांना शिवता कामा नये. स्टेनलेस स्टील बिलकुल वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो म्हणून उघड्यावरच करा आणि चिमटा काढण्याआधी चार्जर बंद. स्प्रिंग आणि कडक बोल्ट ड्रममध्ये घालू नयेत, हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात.

टायर १३.००-२४. रिंग असलेल्या रिमला हात लावण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा, भरताना पिंजऱ्यात ठेवून लांबच्या नळीने भरा. सुटलेली रिंग माणूस मारते. इथे कंजुषी नको.

वापराबद्दल. पाणंदीचं काम वाफशावरच, माती ना ओली ना कोरडी असताना. काळी माती ओली असली तर ब्लेडला गोळा होऊन चिकटते आणि मुरमाचा थर उचलून आणते. पूर्ण वाळली तर ढेकळं निघतात, मुरूम बांधला जात नाही. उसाच्या डबल ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत नुसती माती लोटली तर पहिल्या पावसात त्या परत उघडतात. चाकोरीच्या तळापर्यंत कापून, सगळा माल मधे घेऊन, मग पसरायचा. उतार मीटरला ४ सेंमी; ४ मीटरच्या रस्त्याला मध्य कडेपेक्षा ८ सेंमी उंच. शेवटची फेरी ताशी ४ किमीच्या आत. वेग वाढवला की टायरवर मशीन उसळतं आणि रस्त्याला घडी पडते.

डिझेल हलक्या कामाला तासाला ८ ते १० लिटर. १६० तासांत कटिंग एजचं (ब्लेडखालच्या बदलत्या धारपट्टीचं) पुढचं टोक आधी झिजलं. उलटून लावता येतं, पण ब्लेडच्या पत्र्याला माती घासायच्या आत. प्लाऊ बोल्ट दर वेळी नवे घ्यावेत, जुन्यांची चौकोनी मान गोल झालेली असते. स्टिअरिंग जड आहे, दिवसाला सहा तासांवर खांदे बोलतात. उतारावर ब्रेकवर विसंबू नये, खालचा गिअर आधीच टाकावा. गावोगावी न्यायला लो-बेड ट्रेलर धरावा.

ग्रीसचं वेळापत्रक: ड्रॉबारचा गोळा आणि लिफ्टच्या वाट्या दर ८ तासांनी, बाकी आठवड्याला. टोकाचा प्ले आता ९ वरून १४ मिमीवर आला आहे, त्यातला बहुतेक परत गोळ्यातच. टोपीखाली अजून दोन शिम शिल्लक आहेत. दिवाळीनंतरचा वाफसा यायच्या आधी एक काढायची आहे.