99 रुपयांची पीडीएफ विकायची कुठं: व्हॉट्सअ‍ॅप, किंडल की लिंक?

गेल्या महिन्यात खानापूरकडच्या एक बाई दुकानात आल्या. माझं बेळगावात डीटीपीचं दुकान आहे. बाई शाळेत शिकवतात. हातात वहीची चोवीस पानं, आणि विषय असा की मी टायपिंग थांबवून वाचत बसलो: कन्नडमधला शेताचा उतारा मराठी माणसानं कसा वाचायचा. नवव्या रकान्यात खातेदार, दहाव्यात जमीन कशी आली ते, अकराव्यात बोजा आणि इतर हक्क. क्षेत्र एकर, गुंठे, आण्यांत. सात-बारावर हेक्टर-आर बघायची सवय असलेल्याला हे कुणीतरी शेजारी बसून सांगावंच लागतं.

"सर, पीडीएफ करून 99 रुपयांना विकायचीय. व्हॉट्सअ‍ॅपवर देऊ, किंडलवर टाकू, की पेमेंटची लिंक काढू?"

मी तिन्ही करून बसलोय. सरकारी कामाच्या कन्नड अर्जांचे नमुने, मराठी अर्थासकट, अशी माझी एक पुस्तिका आहे. त्यामुळं खाली लिहितोय ते ऐकीव नाही.

त्याआधी एक. घेणार कोण, हे ठरवल्याशिवाय विकायच्या जागेची चर्चा करू नका. गावातला माणूस पैसे देत नाही. तो दुकानात येतो आणि चहा पितापिता फुकट विचारतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. पैसे देतो तो पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेला, ज्याच्या नावावर गावाकडं दीड एकर आहे आणि ज्याचा भाऊ फोन उचलत नाही. त्याला रात्री साडेदहाला उत्तर हवं असतं आणि 99 रुपये त्याला जड नसतात.

व्हॉट्सअ‍ॅप आणि यूपीआय

99 चे 99 हातात येतात. खर्च होतो तो आपला वेळ. पैसे आले का बघायचे, फाईल पाठवायची, "उघडत नाही हो" म्हणाला तर परत पाठवायची. दिवसाला चार-पाच गिऱ्हाइकं असली तर मजेत होतं. त्यावर गेलं की जेवणाचं ताट पुढ्यात आणि हातात मोबाईल.

सुरुवातीला मी स्क्रीनशॉट बघून फाईल पाठवायचो. एकानं पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर रक्कम बरोबर, नाव बरोबर, तारीख मात्र आदल्या आठवड्यातली. तेही लक्षात आलं महिन्याचा हिशेब लावताना. तेव्हापासून खात्यात जमा दिसल्याशिवाय फाईल सोडत नाही. ब्रॉडकास्ट लिस्टवर भिस्त ठेवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं: एका यादीत 256 जणच मावतात, आणि ज्यानं आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो.

फाईल फॉरवर्ड होणार, हे धरूनच चला. मी पहिल्या पानावर घेणाऱ्याचं नाव टाइप करतो आणि मग पीडीएफ काढतो. अर्ध्या मिनिटाचं काम. आपलं नाव असलेली फाईल भावकीच्या ग्रुपवर टाकताना माणूस जरा थांबतो.

पण व्हॉट्सअ‍ॅपची खरी कमाई वेगळीच आहे. घेणारा परत विचारतो. "अकराव्या रकान्यात सोसायटीचं नाव दिसतंय, कर्ज तर फिटलंय की, मग हे काय?" हाच प्रश्न तिसऱ्या माणसानं विचारला की समजायचं, पंचविसावं पान लिहायला घ्यायचं. छोट्या पुस्तिकेचा जीव असल्या पानांत असतो, आणि ती पानं घरी बसून सुचत नाहीत.

किंडल

किंडल म्हणजे अ‍ॅमेझॉनचं ई-बुकचं दुकान. इथं नाव मोठं आणि भानगडी जास्त. मराठी पुस्तक घेतात, हे खरं. मी केलं तेव्हा भाषांच्या यादीत मराठी होती, कन्नड नव्हती. म्हणजे ज्या पुस्तिकेत मूळ कन्नड शब्द शेजारी दाखवायचेत तिची तिथंच पंचाईत. उताऱ्याचा फोटो छोट्या पडद्यावर बारीक होतो. पीडीएफ दोन बोटांनी मोठी करून तेवढाच रकाना वाचता येतो, ते सुख किंडलवर नाही.

फाईल युनिकोडमध्ये लागते. आमच्याकडचं निम्मं जुनं काम श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये. माझी पहिली फाईल तशीच वर्डमध्ये चिकटवली, तर पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. कन्व्हर्टरमधून काढली, तरी 'दुसऱ्या' आणि 'सातबाऱ्या' मोडलेलेच. दोन रात्री मुद्रितशोधनात गेल्या.

आता पैसे. भारतातल्या विक्रीवर 70 टक्के हवे असतील तर पुस्तक अ‍ॅमेझॉनच्या केडीपी सिलेक्ट नावाच्या योजनेत घालावं लागतं, आणि त्याची अट अशी की 90 दिवस तेच पुस्तक डिजिटल रूपात दुसरीकडं कुठंच विकायचं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरसुद्धा नाही. ती अट नको असेल तर 35 टक्के, म्हणजे 99 मागे पस्तीसच्या आतच. 70 टक्क्यांतूनही फाईलच्या आकाराप्रमाणं पोचवणावळ कापतात, म्हणून फोटो जास्त तितकं हातात कमी. पैसे महिना संपल्यावर साधारण 60 दिवसांनी. आणि घेणारा कोण, ते आपल्याला कधीच कळत नाही. माझ्या लेखी हे सगळ्यात मोठं नुकसान. सलग वाचायचं काही असेल, आठवणी किंवा गोष्टी, तर किंडल बरं. रकाने समजावून सांगायला नाही.

पेमेंटची लिंक

गेटवे, म्हणजे लिंक देऊन आपल्या वतीनं पैसे गोळा करणारी कंपनी, साधारण 2 टक्के घेतो, त्यावर 18 टक्के जीएसटी. 99 वर 2 रुपये 34 पैसे. पैसे भरले की फाईल आपोआप पोचेल अशी सोय लावता येते, आपण झोपलेले असलो तरी. सुरुवातीला पॅन, बँक खातं, परताव्याचे नियम वगैरे मागतात, त्यात एक-दोन दिवस जातात. गमरोड या फाईली विकायच्या परदेशी साइटच्या नादी या किमतीला लागू नका. दर विक्रीला 10 टक्के आणि वर 50 सेंट, म्हणजे निम्म्याहून जास्त तिथंच गेले. हजाराची वस्तू असती तर बोललो असतो. आणि लिंक गिऱ्हाईक आणत नाही, आलेल्याला फक्त आत घेते.

व्हिडिओ कोर्सचं बाईंनी विचारलं होतं. नको. चोवीस पानांच्या मजकुराला कॅमेरा, आवाज, एडिटिंग म्हणजे घोड्यापेक्षा खोगीर भारी. यूट्यूबच्या जाहिरातीचे पैसे तर 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षात 4,000 तास बघितलं गेल्यावरची गोष्ट.

छापील मात्र मनात ठेवा. कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांत पुस्तकांच्या टेबलावर अशी पुस्तिका हातोहात जाते. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-बुकवर, छापील आवृत्ती असेल तर 5 टक्के, नसेल तर 18. अर्थात वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणीचीच गरज नाही. आमच्या दुकानापासून महाराष्ट्राच्या हद्दीतलं शिनोळी किती लांब? तरी तिथल्या माणसाला पीडीएफ विकली की कागदोपत्री ती आंतरराज्य विक्री! घाबरू नका, अशा सेवेला तीच 20 लाखांची मर्यादा आहे.

बाईंना मी सांगितलं ते असं: पहिल्या पन्नास प्रती हातानं, व्हॉट्सअ‍ॅपवर. प्रश्न वहीत उतरवून घ्या. मग दुरुस्त आवृत्ती, किंमत 149, आणि तिची लिंक. किंडल विसरा. नमुन्याच्या उताऱ्यावरची नावं आणि सर्व्हे नंबर मात्र काळे करूनच छापा.

त्यांनी रविवारी संध्याकाळी स्टेटस ठेवला. पहिले 99 रुपये आले हडपसरहून, आणि पाठोपाठ प्रश्न: "मॅडम, आणा म्हणजे नक्की किती?"

सोळा आणे म्हणजे एक गुंठा, हे चोवीस पानांत कुठंच नव्हतं.