तलाठ्याच्या मुलाने बोजा न बघता घेतलेली स्नोमोबाइल

आधी आकडा सांगतो. ७,७२५ कॅनेडियन डॉलर. यात ट्रेलचं परमिट धरलेलं नाही, हेल्मेटही नाही (ते बेसमेंटमध्ये आहे, येता-जाता माझ्याकडे बघत असतं) आणि ट्रेलर मित्राचा होता म्हणून त्याचं भाडं नाही. एका जुन्या स्नोमोबाइलवर, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीवर, एवढे पैसे घालून अख्ख्या मोसमात मी २१४ किलोमीटर फिरलो. म्हणजे किलोमीटरला छत्तीस डॉलर. पुणे स्टेशनवर रात्री दोन वाजता उभा असलेला रिक्षावालासुद्धा इतका निर्दय नसतो.

हे लिहायला तीन महिने लागले, कारण लाज वाटते. मी अडाणी असतो तर एक वेळ चाललं असतं. माझे वडील तलाठी होते, एकतीस वर्षं. लहानपणी आमच्या ओसरीवर रोज कुणी ना कुणी कागद घेऊन बसलेलं असायचं. अण्णांनी सातबारा हातात घेतला की पीकपाणी नंतर, नजर आधी ‘इतर हक्क’च्या रकान्यात. सोसायटीचा बोजा आहे का, बँकेचा आहे का. समोरचा म्हणायचा, माणूस ओळखीचा आहे हो. अण्णा म्हणायचे, “तू जमीन घेतोयस का त्याचं कर्ज?”

हे वाक्य मी निदान पन्नास वेळा ऐकलं असेल. तरी मी कर्जच विकत घेतलं. वर रोख पैसे मोजून.

ज्यांना हे खूळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडंसं. ऑन्टॅरियोत हिवाळा मानगुटीवर बसतो आणि उतरत नाही. अशा वेळी इथले लोक स्लेड (स्नोमोबाइलला इथे हेच म्हणतात) काढतात आणि रानात जातात. क्लबांचा महासंघ आहे, ओएफएससी नावाचा. त्यांच्याकडे तीसेक हजार किलोमीटर ट्रेलचं जाळं आहे, बरंचसं लोकांच्या खासगी जमिनीतून, मालकांच्या मेहेरबानीवर. रात्रभर बर्फ दाबून वाट करणारे बरेचसे स्वयंसेवक असतात. एखादा मालक चिडला की मधला तुकडा बंद, मग घाला वळसा. शनिवारी दुपारपर्यंत वाटेवर एवढे उंचवटे होतात की कंबर आपली राहत नाही. तरीही किनमाउंटहून हॅलिबर्टनला जाणारी, रूळ उखडलेल्या जुन्या रेल्वेलाइनची वाट आहे ना, तिच्यावरून मी एकदा मित्राच्या मागे बसून गेलो होतो आणि तिथेच माझं डोकं फिरलं. पुढचं सगळं त्या एका दुपारचं फळ.

१० डिसेंबर २०२३, रविवार. ऑनलाइन जाहिरात होती. २०१८ मॉडेलचं स्की-डू, ६०० सीसी, टू-स्ट्रोक, ५,९०० किलोमीटर चाललेलं, किंमत ६,८००. तशाच गाड्या साडेआठ हजारांच्या आसपास दिसत होत्या. स्वस्त होती तेव्हाच संशय यायला हवा होता, असं आता जो तो मला शिकवतो. अहो, स्वस्त मिळते म्हणूनच माणूस जुनी घेतो ना! महाग हवी असती तर शोरूमला गेलो नसतो का?

दोन दिवस आधी ५०० डॉलर ई-ट्रान्सफरने टोकन पाठवलं होतं. पहिला गाढवपणा तो. ऑटोडिपॉझिट लावलेल्या, म्हणजे आलेले पैसे आपोआप जमा करून घेणाऱ्या खात्यात गेलेले पैसे परत ओढता येत नाहीत. गाडी बघायच्या आधी कुणालाही दमडी पाठवू नका, ‘दुसरा गिऱ्हाईक उभा आहे’ असं विकणारा कितीही म्हणाला तरी. दुसरा गिऱ्हाईक नेहमीच उभा असतो.

आणि मी काही डोळे मिटून गेलो नव्हतो. इंजिन आधी गरम करून ठेवू नको असं बजावून सांगितलं होतं. गेल्यावर हात लावून बघितला, थंडगार होतं. बरोबरच्या मित्राने कॉम्प्रेशन (इंजिनातला दाब) मोजलं, दोन्ही सिलिंडर सारखे. ट्रॅक बघितला, स्कीचे खालचे रनर बघितले, बेल्टला तडे होते म्हणून तोंड वाकडं केलं. ओनरशिपचा कागद विकणाऱ्याच्याच नावावर होता, लायसन्सवरच्या नावाशी जुळवून बघितला. आता सांगा, आणखी काय बघायचं राहिलं होतं?

राहिलं होतं. पावणेपाच वाजले होते, अंधारून आलं होतं, गॅरेजच्या दारात एकच पिवळा दिवा. उजव्या बाजूला पाय ठेवायच्या जागेजवळ गाडीचा सतरा अक्षरांचा नंबर असतो. त्यावर गोठलेला बर्फ मी हातमोज्याने पुसला आणि मोबाइलने फोटो काढला. तो म्हणाला, “फोटो कशाला?” मी म्हटलं, इन्शुरन्सला लागेल. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “हां, काढ की. बँकेचं सगळं क्लिअर आहे, मागच्याच वर्षी फेडलं.”

मी बँकेचं नावही काढलं नव्हतं.

तीन महिने हे वाक्य माझ्या डोक्यात रात्री अडीच वाजता वाजतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते माझ्यासमोर लख्ख पडलं होतं आणि मी त्या चांदण्यात नोटा मोजत होतो. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं की तोच प्रश्न पुन्हा विचारा, आणि कागद मागा. कर्ज फेडलेला माणूस फेडल्याचं पत्र जपून ठेवतो.

तो नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. ऑन्टॅरियो सरकारच्या नोंदवहीत तो घालून गाडीवर लीन आहे का, म्हणजे आपल्या भाषेत बोजा आहे का, ते घरबसल्या बघता येतं. फी आठ डॉलर. वेळ दहा मिनिटं. आणि ज्यांना वाटतं की ओनरशिपवर नाव आहे म्हणजे झालं, त्यांनी नीट ऐका: त्या कागदावर बोजा दिसत नाही. बोजा गाडीच्या नंबरासकट नोंदवलेला असला तर गाडी कुणाच्याही दारात जाऊ दे, बोजा तिच्या मागे जातो. तुम्ही भाबडेपणाने घेतलीत की लबाडीने, याच्याशी धनकोला काही देणंघेणं नसतं. आपल्याकडे जमिनीचं असतं तसंच अगदी.

आता लाजेचा दुसरा भाग. पावती लिहिताना तो म्हणाला, ३,००० लिहू का, तुझा टॅक्स वाचेल. इथे खासगी माणसाकडून स्लेड घेतली तरी नाव बदलताना तेरा टक्के टॅक्स भरावा लागतो. ६,८०० वर ८८४ झाले असते, ३,००० वर ३९० झाले. मी ४९४ डॉलर वाचवले. सगळेच करतात, मला माहीत आहे, तुम्हीही केलं असेल, नाकाने कांदे सोलू नका. पण त्या माणसाने हे माझ्या भल्यासाठी सुचवलं नव्हतं. ६,३०० रोख घेतले, सही केलेला कागद ३,००० चा. त्याने माझ्या हातून माझाच पुरावा खाल्ला. पावतीवर खरी रक्कम लिहा. टॅक्स जाऊ दे खड्ड्यात, खरी रक्कम लिहा.

मग हिवाळा आलाच नाही. २०२३-२४ चं साल एल निनोचं. ट्रेलचा नकाशा ऑनलाइन दिसतो, हिरवी रेघ म्हणजे उघडा, पिवळी म्हणजे जपून, लाल म्हणजे बंद. रोज सकाळी दात घासता घासता बघायचो, लाल. परमिटचे पैसे परत मिळत नसतात आणि ते परमिट त्या एकाच गाडीला चिकटलेलं. डिसेंबरात नवा बेल्ट घातला, १८९ डॉलर. सर्व्हिसिंग केलं, ३४६ डॉलर. पाऊस पडत होता. शेवटी ट्रेलर ओढत चार-चार तास उत्तरेला जाऊन तीन दिवस मिळाले. तेच ते २१४ किलोमीटर.

७ मार्चला, गुरुवारी सकाळी, मी ऑफिसच्या कॉलवर असताना दारात ट्रक थांबला. जप्तीवाला. सभ्य माणूस होता, बूट पुसून उभा राहिला. हातात कागद: मूळ मालकाने ऑक्टोबरपासून हप्ते भरलेले नाहीत, बाकी ७,४१२ डॉलर ८६ सेंट, अधिक जप्तीचा खर्च. भरा, नाहीतर गाडी द्या. पत्ता कुठून मिळाला विचारलं तर म्हणाला, नोंदणीवरून. मी इमानदारीने सहा दिवसांच्या आत नाव बदलून घेतलं होतं ना, त्याचं बक्षीस.

एकूण पंधरा हजार घालून सात हजारांची गाडी ठेवण्यात अर्थ नव्हता. दिली. समोरची आजी खिडकीतून बघत होती. माझा १८९ चा बेल्ट आतच गेला.

त्यानंतर मी दारं ठोठावली. पोलिसांच्या साध्या नंबरवर पन्नास मिनिटं बासरी ऐकली. मग एक बाई म्हणाल्या, ही दिवाणी बाब आहे. मी म्हटलं, खोटं बोलून पैसे घेतले, दिवाणी कसली? म्हणाल्या, ऑनलाइन फॉर्म भरा. भरला. त्यात रकाना: ‘गेलेली रक्कम’. मी पाच मिनिटं त्या रकान्याकडे बघत बसलो. ६,८०० लिहिलं. नऊ दिवसांनी फोन आला, पावती ३,००० ची का? खरं सांगितलं. पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणे, टॅक्सचा विषय आमच्याकडे नाही, पण लेखी काही पाठवताना विचार करून पाठवा. म्हणजे चोर कोण, मी?

बँकेला विचारलं, निदान टोकनचे ५०० तरी? तुम्ही स्वतः पाठवलेत, म्हणाले. हो, मीच पाठवले. माझ्या बंदुकीतून मीच गोळी झाडली, पण नेम दुसऱ्याने धरला होता, हे ऐकून घ्यायला त्यांच्याकडे रकाना नाही. नोंदणीच्या कार्यालयात गेलो. काउंटरवरच्या मुलाला विचारलं, डिसेंबरात माझे ३९० डॉलर घेताना तुमच्या कॉम्प्युटरला बोजा दिसला नाही का? तो म्हणाला, ती नोंदवही वेगळी. सरकार तेच? तेच. मग एकमेकांशी बोलत नाही का? तो हसला. पुढचा नंबर पुकारला. टॅक्स परत मिळेल का विचारलं, तर व्यवहार झालेला आहे म्हणाला. व्यवहार झालेला आहे! गाडी नाही, पैसे नाहीत, विकणारा नाही, पण व्यवहार मात्र झालेला आहे. तिथल्या खुर्चीत मी पंधरा मिनिटं उगाच बसून राहिलो. बाहेर कडक ऊन होतं, मार्चमध्ये, बर्फाचा कण नाही.

छोट्या दाव्यांचं कोर्ट आहे, माझी रक्कम त्यात आरामात बसते. दावा लावायला शंभरेक डॉलर. पण समन्स बजावायचं कुणाला? पावतीवरचा पत्ता म्हणजे भाड्याचं बेसमेंट, जानेवारीतच सोडलेलं. घरमालक म्हणाले, आमचेही दोन महिन्यांचे राहिलेत. त्यांच्याशी बोलून जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आणखी एक, राहून जाईल. गाडीवर बोजा निघाला म्हणजे सौदा मोडायलाच हवा असं नाही. विकणाऱ्याला घेऊन सरळ कर्ज देणाऱ्याकडे जा, बाकी किती ते लेखी घ्या, तेवढे पैसे तिथेच भरा, उरलेले त्याच्या हातात ठेवा. तो या गोष्टीला तयार नसेल तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं. रात्री गाडी बघू नका. ट्रेलर, वॉटर स्कूटर, एटीव्ही (रानात चालवायची छोटी चारचाकी), सगळ्यांना हेच लागू. आणि लायसन्सवरचा पत्ता आणि तुम्ही उभे आहात तो पत्ता एकच आहे का बघा. मी नाव जुळवलं, पत्ता नाही.

बायकोला रक्कम सांगायला चार दिवस घेतले. ती फक्त म्हणाली, “आठ डॉलर?” अण्णांना सांगणारच नव्हतो, पण तिने सांगितलं. रविवारी फोन आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, स्नोमोबाइल म्हणजे काय ते त्यांना अजून नीट कळलेलं नाही, बर्फावरची मोटारसायकल एवढंच. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “इतर हक्कात काय होतं?” मी म्हटलं, बघितलं नाही. ते म्हणाले, बरं, जेवलास का.

त्या स्की-डूची चावी टोपीसारखी असते, दोरीने जॅकेटला अडकवायची. ट्रक आला तेव्हा ती जॅकेटलाच राहिली होती, जप्तीवाला विसरला. काल त्यांच्या ऑफिसचा मेल आला: चावी आणून द्या, नाहीतर ९५ डॉलर लावू. चावी माझ्यासमोर टेबलावर आहे. अजून उत्तर दिलेलं नाही.