लहान आर्ट्स कॉलेज, सात महिन्यांनंतर: शिकवणं चांगलं, पण लायब्ररीची किल्ली कुणाकडं?

परवा लायब्ररीवरून कॉलेजात भांडून आलो, म्हणून लिहितोय. मुलगी बी.ए. पहिल्या वर्षाला, आम्ही नंदगडचे, कॉलेज बेळगावात. फी, विषयांचं कॉम्बिनेशन सगळ्यांना माहीत आहे, ते परत सांगत नाही.

लायब्ररी साडेचारला बंद. शेवटचा तास चारला सुटतो, म्हणजे हातात अर्धा तास, त्यात पुस्तकं काचेच्या कपाटात कुलपात आणि किल्ली एकाच माणसाकडं, तो चहाला गेला की विषय संपला. लायब्ररी फी मात्र ॲडमिशनलाच पूर्ण घेतली, पावती आहे माझ्याकडं. इतिहासाचं एक पुस्तक पोरगी तीन आठवडे नुसतं काचेतून बघत होती, शेवटी मी बाजारातनं जुनं आणलं, 180 रुपये गेले. 2023 च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट आहे म्हणून हॉस्टेलचा खर्च वाचतो, तो असा घालवायचा काय?

दिवाळीपर्यंत कॉलेज बदलायचंच डोक्यात होतं. मग एकदा तिची वही उघडली. पोरगी दहावीपर्यंत मराठी मीडियमची, इथं पेपर इंग्लिशमध्ये. प्रत्येक पानावर अवघड शब्दाखाली पेन्सिलनं मराठी अर्थ, आणि मार्जिनमध्ये सरांच्या अक्षरात 'हे वाक्य परत लिही'. पंधरा पानं तशी! वर्गात तेवीस पोरं, म्हणून हे जमतं. ताप आला, चार दिवस गेली नाही तर मॅडमचा घरी फोन. पुतण्या मोठ्या कॉलेजात आहे, वर्गात शंभरावर पोरं, त्याला सेमिस्टर संपलं तरी एकाही सरांनी नावानं हाक मारलेली नाही.

बाकी मार्क्स कार्डाची कटकट कमी झाली. आमच्या वेळी सगळं धारवाडच्या विद्यापीठात, आता 2010 पासून राणी चन्नम्मा विद्यापीठ जवळच आहे. आणि 2024-25 पासून सरकारनं डिग्री परत तीन वर्षांची केली त्यामुळं खर्चाचा हिशोब तरी लागतो.

परवा प्रिन्सिपॉल सरांना लेखी अर्ज दिला, दुसरी किल्ली करा आणि साडेपाचपर्यंत उघडं ठेवा म्हणून. बघतो म्हणालेत. ॲडमिशनला जाणाऱ्यांनी दुपारी चारनंतर जावा, लायब्ररीचं दार ढकलून बघा आणि बाहेर पडणाऱ्या एखाद्या पोरीला विचारा, सर तुला नावानं ओळखतात काय. धाकटीलाही मी इथंच घालणार आहे, पण अर्जाचं उत्तर आल्याशिवाय तिची फी भरणार नाही.