खारं पाणी प्यायलेला कॅमेरा मी ८२,५०० रुपयांना घेतला

आधीच सांगतो, म्हणजे हसायचं ते आत्ताच हसून घ्या. माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. वीस वर्षं झाली. खाडीकाठच्या विहिरींतून काढलेले, खारं पाणी प्यायलेले पंप रोज माझ्या टेबलावर येतात. बॉडी खोलायच्या आधी नुसता स्क्रू बघून मी सांगतो की ह्याच्यात पाणी शिरलंय. आणि मीच, धडधडीत दिवसाउजेडी, हातात घेऊन, उलटापालटा करून, समुद्रात बुडून आलेला कॅमेरा घरी आणला.

आता कॅमेरा कशाला, हा प्रश्न घरात विचारून झालाय, तुम्ही नका विचारू. फोटोची हौस आहे. सड्यावर, म्हणजे आमच्या कातळाच्या पठारावर, पहिल्या पावसानंतर जे काय हिरवं होतं, बारसूच्या कातळशिल्पांत पाणी साचलं की त्या रेषा जशा उठून दिसतात, ते मोबाइलवर येत नाही. पावसात मोबाइलची काच ओली झाली की बोट कुठे आणि फोटो कुठला. मोठा कॅमेरा आहे माझ्याकडे, पण तो गळ्यात घातला की बंदरावरची माणसं सरळ उभी राहतात, पोटं आत घेतात. मला खिशात, नाहीतर छत्रीच्या हातात मावेल असा, भुरभुर पावसाला न घाबरणारा, रोज वापरायचा छोटा कॅमेरा हवा होता.

फुजीफिल्मचा एक्स-१००व्ही हा तसा कॅमेरा. फेब्रुवारी २०२० मध्ये आला. जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यासारखा दिसतो, वर फिरवायच्या चकत्या, एकच न बदलता येणारी २३ मिमीची लेन्स, वजन अर्ध्या किलोच्या आत. सोशल मीडियावर पोराटोरांनी तो इतका डोक्यावर घेतला की मध्यंतरी नवा मिळेना आणि जुना नव्याहून महाग झाला. २०२४ मध्ये पुढचा एक्स-१००-सहा आला, तो दीड लाखाच्या वर. तेव्हा मी जुनाच बघत होतो. ह्यात माझं काय चुकलं?

एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो, नंतर राहून जाईल. ह्या कॅमेऱ्याला पावसापासून संरक्षण आहे असं सगळे म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे. लेन्सच्या तोंडावर एक अॅडाप्टर रिंग आणि तिच्यावर काचेचा प्रोटेक्टर फिल्टर बसवला तरच ते संरक्षण पूर्ण होतं, आणि ह्या दोन्ही वस्तू वेगळ्या विकत घ्याव्या लागतात. त्या लावल्या तरी तो पावसाच्या शिंतोड्यांपुरता आहे, पाण्यात बुडवायचा नाही. जो विकणारा ‘दादा, पावसात बिनधास्त वापरा’ म्हणतो आणि रिंगचं नावच काढत नाही, त्याचा फोन तिथेच ठेवा.

माझ्या विकणाऱ्याने नेमकं हेच वाक्य म्हटलं होतं.

जाहिरात एका अॅपवर. मागितले ८८,०००. बोलणं झालं, ८२,५०० वर ठरलं. ३,००० टोकन, म्हणजे विसार, आधी पाठवा म्हणाला. टोकनचा प्रकार तुम्हाला माहीत आहेच, टोकन गेलं की माणूस गेला. मलाही माहीत होता. म्हणून मी मनाशी ठरवलं की गेले तर ३,००० गेले, पण हा माणूस खरा आहे की नाही ते कळेल. आणि माणूस खरोखरच आला! तिथेच मी आंधळा झालो. टोकन घेऊन पळाला नाही म्हणजे सज्जन, असा हिशेब माझ्या डोक्यात पक्का बसला. पुढच्या ७९,५०० साठी त्या ३,००० चं आमिष होतं, हे मला बारा दिवसांनी कळलं.

मुंबईहून मडगावला चाललोय, मांडवी एक्सप्रेसने, तुमच्या स्टेशनावर गाडी थांबते, फलाटावर या, म्हणाला. जूनचा तिसरा आठवडा, पावसाळी वेळापत्रक लागलेलं, गाडी लेट. दोन-तीन मिनिटांत काय बघायचं होतं, घाई होती, असं मी सगळ्यांना सांगत आलोय. बायकोला, मेहुण्याला, पोलिसांनाही. इथे खरं सांगतो. कोकण रेल्वेचा आमच्याकडचा पट्टा एकेरी मार्गाचा, समोरून गाडी यायची होती, आमची गाडी क्रॉसिंगला उभी राहिली. मला चांगली नऊ मिनिटं मिळाली. नऊ मिनिटांत मी पंप खोलून परत बसवतो.

तिशीचा मुलगा, स्वच्छ शर्ट, बोलायला गोड. कॅमेरा मऊ कापडात गुंडाळलेला. चंदेरी. हातात घेतला आणि काय सांगू, चकती फिरवली तर तो टकटक आवाज! चार फोटो काढले, फलाटाचे, भज्यांच्या टोपलीचे. चालू. स्क्रीन चालू, व्ह्यूफाइंडर चालू.

मग मी तो उलटा केला.

खालच्या पत्र्यावर, ट्रायपॉड लावायच्या भोकाच्या कडेला आणि एका स्क्रूच्या खाचेत, पांढरं पीठ होतं. तांदळाच्या पिठीसारखं, चिमूटभरसुद्धा नाही. मी अंगठ्याने पुसलं. पुसल्यावर खालचा पत्रा खडबडीत लागला, बारीक देवी आल्यासारखा. आता ऐका. लोखंड गंजलं की तांबडं होतं, तांबं-पितळ कळकलं की हिरवं, आणि अॅल्युमिनियमला मीठ लागलं की पांढरं पीठ सुटतं. हे मी दुकानातल्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतो. पंपाच्या झाकणावर पांढरं पीठ दिसलं की आत काय वाढून ठेवलंय ते बघायचीही गरज नसते. आणि ह्या कॅमेऱ्याचा वरचा-खालचा पत्रा अॅल्युमिनियमचा आहे, हे मीच आठ दिवस वाचून पाठ केलं होतं.

मी विचारलं, “हे काय हो?”

“दादा, बॅगेत सिलिका जेलची पुडी फुटली होती. किती जपतो बघा.”

सिलिका जेलचे मणी असतात. कडक, काचेसारखे. त्यांचं पीठ होऊन स्क्रूच्या खाचेत चिकटून बसत नाही. हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण हातात कॅमेरा होता आणि तो हातातून सोडावासा वाटत नव्हता. मी “हां हां” म्हणालो. माझ्या स्वतःच्या तोंडून निघालेलं ते “हां हां” मला अजून रात्रीचं ऐकू येतं.

बॅटरीचं झाकण उघडायला गेलो तर म्हणाला, “राहू दे दादा, तारीख-वेळ सगळी पुसली जाईल, परत सेट करत बसावं लागेल.” तारीख पुसली जाईल! जशी काय त्याच्यात पत्रिका मांडून ठेवली होती. ते झाकण उघडलं असतं तर आतले कळकलेले हिरवे टोक दिसले असते. झाकण उघडू न देणाऱ्याकडून वस्तू घ्यायची नाही. कॅमेरा असो, पंप असो, फणस असो.

बिल दाखवलं, मोबाइलवर फोटो. कॅमेऱ्यावरच्या सीरियल नंबराशी मी ते ताडून बघितलं नाही. घरी येऊन बघितलं, शेवटचे चार आकडे वेगळे. क्यूआर कोड स्कॅन केला तर नाव एका बाईचं. “वहिनीचं खातं आहे.” पिन टाकला. ७९,५००. समोरची गाडी धडधडत गेली, सिग्नल पडला, तो दारात उभा राहून मला हात करत गेला. मीही हात केला.

नंतर मी शहाण्यासारखा वागलो, हे लिहिलं पाहिजे, कारण सगळे म्हणतात तूच पावसात भिजवला असशील. रिंग आणि फिल्टर ६,२०० रुपयांना मागवले. ते बसवल्याशिवाय अंगणातसुद्धा नेला नाही. अकराव्या दिवशी सड्यावर गेलो, पाऊसही नव्हता, नुसतं धुकं. तीस-चाळीस फोटो झाले, स्क्रीन फडफडली, लेन्सची पाती अडकली आणि कॅमेरा बंद. परत सुरू झाला नाही. विकणाऱ्याचा नंबर बंद. जाहिरात गायब.

मुंबईला जाणाऱ्या भाच्याबरोबर तो बोराबाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे पाठवला. त्याने उघडून फोटो पाठवला. सर्किटच्या पट्टीवर मिठाचे खडे. “पावसाने असं होत नाही, हा समुद्रात पडलाय. वरून पुसून, सुकवून चालू केलाय.” दुरुस्तीचा अंदाज ४१,०००, तोही खात्रीशिवाय. ते मीठ कोरड्या हवेत गप्प बसतं. पावसाळी हवा लागली की ओल धरतं, त्यात वीज खेळली की तांब्याच्या रेषा खात सुटतं. एप्रिलमध्ये घेतला असता तर कदाचित दोन महिने चालला असता. म्हणजे त्याला माहीत होतं की पाऊस नीट लागायच्या आत हा खपवायचा आहे, आणि मला वाटत होतं मी पावसाळ्याच्या तोंडावर बरा सौदा साधला.

पहिली फेरी पोलीस ठाण्याची. साहेब जेवायला गेले होते, ते पावणेदोन तासांनी आले. कागद न वाचता म्हणाले, “व्यवहार कुठे झाला? फलाटावर? मग ती हद्द रेल्वे पोलिसांची.” रेल्वेच्या पोलिसांनी कॅमेरा हातात घेऊन बघितला, एकाने विचारलं ह्याच्यात व्हिडिओ येतो का, आणि म्हणाले, “चोरी नाही, मारामारी नाही. पैसे ऑनलाइन गेले ना? सायबरकडे जा.” सायबरवाले म्हणाले, “ओटीपी दिलात? लिंक उघडलीत? नाही ना? माल हातात मिळाला ना? मग ही सायबर फसवणूक नाही, तुमचा आपसातला मामला आहे.” म्हणजे मी नक्की कुठे उभा राहून फसलो ते सरकारला सापडत नाही! फलाटावर उभा होतो, पैसे हवेतून गेले, माल हातात आहे आणि मी कुठल्याच हद्दीत नाही. एसटीच्या पाच फेऱ्या, दुकान पाच दिवस बंद. भातलावणीचे दिवस, लोकांचे पंप माझ्या दारात पडलेले, आणि मी बाकावर बसून ‘साहेब येतील’ ऐकतोय. एका हवालदाराने तर विचारलं, “ऐंशी हजारांचा कॅमेरा घेता, मग इतके पैसे आले कुठून?” फसवणाऱ्याची चौकशी राहिली बाजूला, माझीच सुरू. बँकेत गेलो, तिथे एकच वाक्य, पिन तुम्हीच टाकलात. अॅपवाल्यांचं उत्तर आलं, आम्ही फक्त जाहिरात दाखवतो. त्याखाली पाच चांदण्या देऊन आमची सेवा कशी वाटली ते सांगा.

मेहुणा वकील आहे, त्याच्याकडे आधीच जायला हवं होतं, पण तोंड दाखवायची लाज. त्याने सांगितलं ते उपयोगाचं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत झालेला असो, ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तरच नाही. नाही घेतली तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालाने पाठवता येते. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेतलं ३१८. हे दोन आकडे कागदावर लिहून खिशात ठेवा आणि मगच ठाण्याची पायरी चढा. मी स्पीड पोस्टाने अर्ज पाठवला, पोच आली, पुढे शांतता. ग्राहक आयोगाचं मी विचारलं तर म्हणाला, विकणारा धंदा करणारा व्यापारी असेल तर तिथे दाद, घरगुती वस्तू एकदा विकणाऱ्यावर तिथे जमत नाही. आता हा धंदाच करतो हे सिद्ध कोण करणार, मी?

आणि १९३०, ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर. पैसे गेल्याचं कळलं की त्याच तासात करायचा, रक्कम पुढे सरकायच्या आत थांबवता आली तर येते. मी बाराव्या दिवशी केला. वाहून गेलेल्या होडीचा दोर धरल्यासारखा.

हिशेब: ३,००० आणि ७९,५०० आणि ६,२००, बोराबाजारात उघडून बघायचे ८००, स्पीड पोस्ट, एसटी, झेरॉक्स मिळून ७३५. एकूण ९०,२३५. पाच दिवसांची बुडालेली मजुरी धरलेली नाही. आईला आकडा सांगितलेला नाही, तिला वाटतं आठ हजार गेले, आणि त्याचंच ती सगळ्या वाडीत सांगत फिरते.

जुना कॅमेरा घ्याच, मी नको म्हणत नाही. पण बॅटरी दिवसाउजेडी काढून आतले टोक बघा, बाजूचं यूएसबीचं दार उघडून आत टॉर्च मारा, स्वतःचं कार्ड घेऊन जा आणि तो गरम होईपर्यंत फोटो काढा. गाडी सुटायच्या वेळी सौदा नको. खात्यावर दुसऱ्याचं नाव आलं की फोन खिशात टाका, वहिनी असो की आत्या.

त्या माणसाचं नाव खोटंच असणार, नंबर बंद आहे, खातं कुणा बाईचं. पण जाहिरातीच्या पाचही फोटोंत कॅमेरा एकाच चादरीवर ठेवलेला होता. निळी चादर, तिच्यावर पिवळे मोर, आणि एका मोराच्या मानेशी इस्त्रीने जळलेला तपकिरी डाग, चहाच्या बशीएवढा. नाव, नंबर, खातं तो बदलेल. चादर बदलायचं त्याच्या डोक्यात येईलसं वाटत नाही. ती दिसली की बोलणं लांबवा आणि मला कळवा, त्या फलाटावर ह्या वेळी मी एकटा येणार नाही.