वेखंडाची फिल्म आणि बुडालेलं बिल

बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात लग्नाच्या शूटिंगवर पोट भरणारा फ्रीलान्स व्हिडिओवाला पावसाळ्यात रिकामा असतो. फोन नेमका तेव्हाच येतो. ‘सर, वेखंडाच्या हमीभाव योजनेची फिल्म करायचीय.’ म्हणजे शेतकऱ्याला रोपं विकायची आणि पीक ठरल्या भावाने परत घेण्याचं आश्वासन द्यायचं; पुष्कळदा ही फसवणूकच असते. ४०,००० ठरतात, ५,००० लगेच खात्यात, बाकीचा पुढच्या तारखेचा चेक. ओढ्याकाठी तलवारीसारखी पाती आणि गाडीतून आणलेला एक ‘यशस्वी शेतकरी’ तयार असतो.

कॅमेरा लावण्याआधी एक पान चुरगळून नाकाशी धरा. वेखंडाचं पानही वास सोडतं. पात्यात उठावदार शीर असते, कड बहुधा सुरकुतलेली. काहीच वास नसेल तर ते शोभेचं आयरिस असू शकतं. बाळाच्या गुटीसाठी वेखंड उगाळलेल्या घरात हा वास कुणाला शिकवावा लागत नाही.

मग हिशेब. ३० बाय ३० सें.मी.वर एकरी साधारण ४५,००० रोपं बसतात. १० रुपयांचं रोप म्हणजे साडेचार लाख, आणि तेही शेतकऱ्याकडून आधीच. खरं तर वेखंड कंदाच्या तुकड्यांवरून लागतं, ‘लॅबच्या रोपा’ची गरजच नसते. त्याला पाणथळ जमीन हवी, माळावर ते सुकतं. पीक काढायला वर्षभर लागतं, तोवर ऑफिसचं शटर खाली. बोलणं सगळं मराठीत, करार मात्र कन्नडमध्ये. सही करणाऱ्या मामांना तो कुणी वाचून दाखवत नाही.

चेक वटत नाही आणि फिल्म मात्र गावोगाव फिरते, खाली तुमचं नाव आणि नंबर. म्हणून निम्मे पैसे आधी घ्या, मंजुरीसाठी वॉटरमार्क टाकलेली हलकी कॉपीच द्या, कच्चं फुटेज पूर्ण पैसे मिळेपर्यंत हातचं सोडू नका. चेक त्यावरच्या तारखेपासून ३ महिन्यांत भरा. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस. ती पोचल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या महिनाभरात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स (चेकसंबंधीच्या) कायद्याच्या कलम १३८ खाली कोर्टात तक्रार. इथे बहुतेक जण ‘देतो, देतो’ ऐकत मुदत घालवतात.

पत्ता कोल्हापूरचा, शेत खानापूरचं, खातं तिसरीकडे. पोलीस ठाण्यात ‘आमची हद्द नाही’ ऐकायला मिळेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता घ्यावी लागते, हे शांतपणे सांगा. आणि मेमरी कार्ड फॉरमॅट करू नका: शेतकऱ्याला वाक्यं पढवणारा एजंट एखाद्या फ्रेममध्ये हमखास सापडतो.