पोटात आग पडते: तिखट बंद करायचं की बेतानं खायचं?

पोटात जळजळ सुरू झाली की घरात पहिली गदा तिखटावर येते. ते पूर्ण सोडावं की कमी करून चालू ठेवावं, हे ठरवताना जळजळ नेमकी कुठे आणि कशाने होते ते आधी पाहा.

कॅप्सायसिन हे मिरचीतलं तिखट द्रव्य मज्जातंतूंवरच्या टीआरपीव्ही-१ या ग्राहकाला (रिसेप्टरला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या रेणूला) चेतवतं. चटका बसेल इतक्या उष्णतेनेही हाच ग्राहक चेततो, त्यामुळे काही भाजलेलं नसतानाही मेंदूला भाजल्याची खबर जाते. हा ग्राहक १९९७ मध्ये शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. जठरातले हे तंतू चेतले की सीजीआरपी नावाचं द्रव्य सोडतात, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतल्या अस्तराला रक्ताचा पुरवठा वाढतो. अस्तराचं संरक्षण होतं ते यामुळे. मात्र उंदरांना फार मोठी मात्रा दिल्यावर हे तंतूच बधिर झाले आणि जठराला इजा जास्त झाली.

माणसांवरचे पुरावे मला बेतानं खाण्याच्या बाजूचे वाटतात. सिंगापूरमध्ये १८ निरोगी स्वयंसेवकांना २० ग्रॅम मिरची आणि त्यानंतर ६०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन ही वेदनाशामक गोळी दिली; नुसत्या पाण्यानंतर अ‍ॅस्पिरिन घेतली तेव्हापेक्षा इजा कमी दिसली. हा अभ्यास १९९५ चा. अमेरिकेत त्याआधी १९८८ मध्ये तिखट जेवणानंतर एंडोस्कोपी केली, तर जठर ठीकठाक होतं. साध्या जेवणासोबत अ‍ॅस्पिरिन घेतल्यावर मात्र अस्तर जागोजाग सोललेलं आढळलं. म्हणून गुडघेदुखीसाठी रोज वेदनाशामक घेणाऱ्याने ठेचा सोडून गोळी तशीच चालू ठेवली, तर खरं कारण जागच्या जागी राहतं. डॉक्टरांशी आधी गोळीबद्दल बोला. अर्थात, मिरची खाल्ली म्हणून रिकाम्या पोटी गोळी चालेल, असं मुळीच नाही.

अल्सरची मुख्य कारणं दोन: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि अशा वेदनाशामक गोळ्या. जिवाणू असेल तर अँटिबायोटिक्सच लागतात, नुसत्या दहीभातानं तो जात नाही. अल्सर भरेपर्यंत तिखटानं दुखत असेल तर जरूर थांबवा.

तिखट बंद करणं खरंच उपयोगी पडतं ते आंबट पाणी घशाशी येणाऱ्यांना. अन्ननलिकेला जठरासारखं जाड संरक्षण नसतं, आणि अशा माणसाला रात्रीचा झणझणीत रस्सा खाऊन लगेच आडवं होणं फार महागात पडतं. तिखटानं पोटात कळ येऊन जुलाब होणाऱ्यांनीही तिखट बंदच करावं.

बाकीच्यांनी लवंगीऐवजी ब्याडगी वापरून बघावी. रंग भरपूर, तिखटपणा कमी. हिरवी मिरची चिरताना आतला पांढरा गर काढून टाका, कारण कॅप्सायसिन सर्वांत जास्त तिथेच असतं.

शौच काळी होत असेल, उलटीत रक्त दिसलं किंवा वजन आपोआप उतरू लागलं, तर आहारात बदल करून वाट बघू नका. थेट डॉक्टर गाठा.